अमर चित्र कथा घ्यावी का? बालविभाग सांभाळणाऱ्या बाईचं मत

आमच्या बालविभागात कुठली पुस्तकं खरोखर वाचली जातात हे शोधायला देवघेवीची वही उघडायची गरज नसते. पुस्तकाचा खालचा उजवा कोपरा बघायचा. बोट ओलं करून पान उलटून उलटून तो काळपट, मऊ आणि गोल झाला असेल तर ते पुस्तक पोरांनी आपलं मानलंय. भेट म्हणून आलेले गुळगुळीत कागदाचे जाडजूड माहितीकोश वर्षानुवर्षं टोकदार कोपऱ्यांनी उभे आहेत. अमर चित्र कथा या चित्रकथांच्या मालिकेतल्या एकाही अंकाला मात्र टोकदार कोपरा उरलेला नाही.

सांगली जिल्ह्यातलं आमचं वाचनालय शासनाच्या वर्गवारीत ‘ब’ वर्गाचं. शासनाचं अनुदान, सभासदांची वर्गणी आणि गावातले थोडे देणगीदार यांतून बालविभागाच्या वाट्याला जे येतं त्यात काय बसवायचं, हा दरवर्षीचा प्रश्न. आसपासच्या वाचनालयांतल्या मैत्रिणी विचारतात, मुलांना सोडायला आलेले पालकही विचारतात: अमर चित्र कथा घ्यावी का, सुटे अंक घ्यावेत की संच, मराठी की इंग्रजी, त्यांचंच मुलांचं मासिक टिंकल लावावं का? माझं उत्तर “घ्या” असंच आहे. पण काय बघून घ्यायचं, हे या प्रकाशनाची वाटचाल माहीत असली की नीट कळतं. म्हणून आधी थोडं त्याबद्दल.

इंग्रजी मालिकेतला पहिला अंक ‘कृष्ण’, आणि त्यावरचा क्रमांक 11. चौकस मूल असलं की कधी ना कधी येऊन विचारतंच, “बाई, एक ते दहा कुठं गेले?” ते हरवलेले नाहीत. मुंबईच्या इंडिया बुक हाऊसनं आधी सिंड्रेला वगैरे परदेशी परीकथा चित्रांतून कन्नडमध्ये काढल्या होत्या, पहिले दहा क्रमांक त्यांना गेले. त्यानंतर मालिकेचे संपादक अनंत पै यांनी आपल्याकडच्या कथा आणल्या आणि मोजणी अकरापासून पुढे चालू राहिली.

पै मूळचे कारकळचे, जन्म 1929 चा. आईवडील अगदी लहानपणी गेले. बाराव्या वर्षी ते मुंबईला आले, माहीमच्या ओरिएंट स्कूलमध्ये शिकले आणि पुढे माटुंग्याच्या यूडीसीटीतून, म्हणजे मुंबई विद्यापीठाच्या रसायन तंत्रज्ञान विभागातून, केमिकल टेक्नॉलॉजीची पदवी घेतली. पण ओढ छापखान्याची. 1954 मध्ये त्यांनी ‘मानव’ नावाचं मुलांचं मासिक काढलं, ते चाललं नाही. मग टाइम्स ऑफ इंडियाच्या पुस्तक विभागात नोकरी धरली. टाइम्सनं मार्च 1964 मध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू केलं, त्याच्या उभारणीत पै होते. वेताळ, त्याचं डेंकालीचं जंगल आणि कवटीची गुहा मराठी घरांत शिरली ती या इंद्रजालमधून. चित्रांची गोष्ट कशी छापायची, कशी विकायची, पोरं काय मागतात, हे सगळं पै तिथं शिकले.

1967 मध्ये दिल्लीत टीव्हीवरच्या एका प्रश्नमंजूषेत मुलांना ग्रीक पुराणांतलं उत्तर आलं आणि रामाच्या आईचं नाव आलं नाही, हा प्रसंग पै पुढे आयुष्यभर सांगत राहिले. कल्पना घेऊन ते प्रकाशकांकडे फिरले आणि अखेर इंडिया बुक हाऊसचे जी. एल. मिरचंदानी तयार झाले. त्या काळी कॉमिक्स म्हणजे अभ्यासाचं वाटोळं अशी शाळांची पक्की समजूत होती, त्यामुळे मुख्याध्यापकांना पटवणं हेसुद्धा संपादकाचंच काम होऊन बसलं. सुरुवातीच्या अंकांत पूर्ण रंगसुद्धा नव्हते. खर्च परवडत नसल्यानं पिवळा, निळा आणि हिरवा एवढ्यावर भागवायचे. पूर्ण रंगीत छपाई नंतर आली. पुढे मात्र मालिकेनं जोर धरला: आधी महिन्याला एक, मग पंधरवड्याला एक, असे चारशेहून जास्त अंक. 1991 मध्ये नियमित नवे अंक थांबले तरी जुन्यांच्या आवृत्त्या निघतच राहिल्या. वीस भाषा आणि दहा कोटींवर प्रती असा प्रकाशकांचा आकडा आहे.

आता ज्यासाठी ही पुस्तकं कपाटात असावीत असं मला मनापासून वाटतं त्या गोष्टीकडे येते, म्हणजे चित्रांकडे. मुखपृष्ठावर चित्रकाराचं नाव नसतं. ते आतल्या पानावर लेखकाच्या नावाशेजारी बारीक अक्षरांत असतं, आणि ते पान मुलं कधीच वाचत नाहीत. ते वाचायची सवय मी त्यांना लावते. राम वाईरकर, प्रताप मुळीक, दिलीप कदम, सी. एम. विटणकर, वसंत हळबे, प्रदीप साठे, अशोक डोंगरे. यादी वाचली की एखादा पोरगा हमखास म्हणतो, “बाई, ही तर आपल्याकडचीच नावं.” आहेतच. अमर चित्र कथा आणि टिंकल यांचं फार मोठं काम मुंबई-पुण्याच्या मराठी चित्रकारांनी केलंय. पुण्याच्या प्रताप मुळीकांनी पुढे राज कॉमिक्सच्या नागराजची सुरुवातीची चित्रं काढली. देवादिकांचे चेहरे काढून बसलेला हात सापांच्या नायकाकडे वळला तरी शरीराची ठेवण, स्नायूंचा ताण तसाच भक्कम राहिला.

राम वाईरकरांची दोन कामं तुम्ही एकदा शेजारी ठेवून बघाच. एक ‘कृष्ण’, दुसरं टिंकलमधला सुपंडी. कृष्णात रेषा वळणदार, सावकाश, दागिना न् दागिना मन लावून काढलेला. सुपंडीत तीच रेषा तुटक आणि चपळ. मालकानं सांगितलेलं शब्दशः करून सत्यानाश करणारा तो गडी, आणि शेजारी डोक्याला हात लावलेला मालक. एकाच माणसाला या दोन्ही गोष्टी जमाव्यात याचं मला आजही नवल वाटतं. वाईरकर 2003 मध्ये गेले. त्यांची मुलगी अर्चना आंबेरकर यांनी पुढे सुपंडीची चित्रं काढली, म्हणजे ती रेषा घरातच राहिली.

आमच्याकडे सर्वांत जास्त मागणी महाभारताला. 1985 ते 1989 या काळात महिन्याला एक असे 42 अंक निघाले, चित्रं मुख्यतः दिलीप कदमांची. दूरदर्शनवर महाभारत सुरू झालं ऑक्टोबर 1988 मध्ये, म्हणजे ही मालिका त्याच्या तीन वर्षं आधीपासून चालू होती. पालक अनेकदा म्हणतात की टीव्ही बघून काढलेलं दिसतंय, त्यांना मी हे साल दाखवते. आता हे सगळे अंक पुठ्ठा बांधणीच्या तीन जाड खंडांत मिळतात. आमच्याकडचा संच इंग्रजी आहे आणि वाचनालयाच्या दृष्टीनं माझ्या मते अमर चित्र कथेनं काढलेली ही सर्वांत मोलाची वस्तू. एक कथा 32 पानांत बसवायची घाई इथे नाही. शंतनू, सत्यवती, अंबा यांना पुरेशी जागा मिळाली आहे. उपकथा कापलेल्या नाहीत, मुलांना न झेपणारे प्रश्नही गाळून टाकलेले नाहीत. द्यूतसभेत द्रौपदी विचारते तो प्रश्न आणि त्यावर सभेचं गप्प बसणं वाचून सातवीतल्या मुली माझ्या टेबलाशी येऊन भांडतात, भीष्म का बोलले नाहीत म्हणून. पुस्तकानं याहून जास्त काय करावं? कदमांचे म्हातारे बघण्यासारखे आहेत. तरुण योद्धे कुणीही देखणे काढील, पण थकलेला धृतराष्ट्र, सगळं कळून हतबल झालेला विदुर यांच्या चेहऱ्यांवरच्या रेषा वेगळ्या आहेत, त्यांना एकच पांढरी दाढी लावून भागवलेलं नाही.

अडचण एकच, खंड जड आहेत. चौथी-पाचवीच्या मुलांना ते मांडीवर पेलत नाहीत, मग जमिनीवर पालथं पडून वाचतात आणि पाठपट्टीवर ताण येतो. आम्ही हा संच घरी देत नाही, वाचनालयातच वाचायला देतो. बालविभागात एक बुटकं बैठं टेबल त्याच्यासाठीच ठेवलंय.

जे खटकतं तेही सांगितलं पाहिजे. जुन्या अंकांत रंगांची एक वाटणी पक्की आहे: नायक-नायिका गोऱ्या, असुर काळे किंवा तपकिरी, दणकट आणि कुरूप. खलनायक ओळखायला मुलाला मजकूर वाचावाच लागत नाही, कातडीच्या रंगावरून तो ओळखतो. आमच्याकडे येणारी बहुतेक मुलं सावळी आहेत. या गोष्टीकडे डोळेझाक करून ही पुस्तकं मुलांच्या हातात देणं मला पटत नाही. म्हणून गोष्टीच्या तासाला मी मुद्दाम विचारते, “हा वाईट आहे हे तुला कशावरून कळलं?” मुलं क्षणभर चित्राकडे बघतात आणि त्यांचं त्यांना उमगतं. दुसरं म्हणजे विषयांची निवड. देव, राजे, वीर, संत भरपूर, बायकांच्या वाट्याला बहुतेक त्याग आणि पातिव्रत्य. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवरचा अंक 1979 मध्ये आला, मालिका सुरू झाल्यावर दशकभरानं. तो आला हे महत्त्वाचं, आणि तो अंक चांगलाच आहे. शाळेत पाणी पिण्याच्या मनाईपासून धर्मांतरापर्यंतचं आयुष्य मुलांना कळेल असं त्यात मांडलंय. माझ्या यादीत तो पहिल्या पाचात असतो. अलीकडच्या वर्षांत परमवीरचक्र विजेते, वैज्ञानिक, वेगवेगळ्या क्षेत्रांतल्या स्त्रिया यांच्यावर नवी पुस्तकं निघाली, ती या दृष्टीनं जरूर घ्यावीत. त्यांतली संगणकावर भरलेली रंगसंगती मला जुन्या हातरंगाइतकी भावत नाही, मुलांना मात्र काही फरक पडत नाही.

टिंकल हे प्रकरण वेगळं. 1980 मध्ये ते सुरू झालं. एकेका नायकाचे अंक काढणाऱ्या या प्रकाशनाच्या हाती त्यामुळे मुलांचं नियमित मासिक आलं. आपल्याकडे चांदोबा 1952 पासून होता, बालभारतीचं किशोर 1971 पासून. टिंकलचा विशेष असा की ते चित्रांतूनच बोलत होतं आणि मजकुराचा मोठा भाग वाचक मुलांकडून येत होता. मुलं आपल्या आजीकडून ऐकलेल्या लोककथा लिहून पाठवायची आणि संपादक त्यांची चित्रकथा करून मुलाच्या नावासकट छापायचे. सुपंडीसुद्धा तसाच आला. तमिळ लोककथेतला हा गडी तिरुचिरापल्लीच्या एका वाचकानं पाठवला आणि 1983 मध्ये तो टिंकलमध्ये अवतरला. पत्रांना उत्तरं द्यायचे ‘अंकल पै’, म्हणजे अनंत पैच. मुलाच्या पत्राला मोठ्या माणसाचं उत्तर येणं किती मोठं असतं, हे बालविभागात काम केलं की कळतं.

टिंकलमधला भित्रा शिकारी शंभू तर चित्रकाराच्या कौशल्याचा धडाच आहे. वसंत हळबे यांनी त्याला अशी हॅट घातली की डोळे कधी दिसतच नाहीत. डोळ्यांशिवाय भीती दाखवायची कशी? हळबे ती खांद्यांतून दाखवतात, आत वळलेल्या गुडघ्यांतून दाखवतात, तोंडाच्या एका वाकड्या रेषेतून दाखवतात. वाघ समोर आलाय, शंभूचे पाय पळायच्या बेतात आहेत आणि वरचं शरीर अजून शूराचा आव आणतंय, हे सगळं एका चौकटीत. चित्रकलेच्या परीक्षांना बसणाऱ्या मुलांना मी ही पानं समोर ठेवून काढायला सांगते. प्रदीप साठे यांचा कालिया कावळा आणि त्याच्यावर टपलेली चमाताका कोल्हा आणि डुबडुब मगर ही जोडी, अशोक डोंगरे यांचा राजा हूजाच्या गादीवर डोळा ठेवून असलेला तंत्री मंत्री, मोहनदास यांचा हवी तेवढी शेपूट लांबवणारा कपीश, हे सगळे याच गोतावळ्यातले. यातल्या कुठल्याही पात्राचं नाव काढा, चाळिशीतले बापही मुलाच्या खांद्यावरून वाकून बघायला लागतात.

मालकी मात्र बदलत गेली. 2007 मध्ये इंडिया बुक हाऊसकडून अमर चित्र कथा आणि टिंकल नव्या एसीके मीडिया कंपनीकडे आले आणि 2011 मध्ये ती कंपनी फ्यूचर ग्रुपकडे गेली. त्याच वर्षी फेब्रुवारीत दिल्लीच्या पहिल्या कॉमिक कॉनमध्ये, म्हणजे कॉमिक्सच्या मेळाव्यात, पैंना जीवनगौरव मिळाला आणि काही दिवसांतच, 24 फेब्रुवारीला, ते गेले. एसीके मीडियानं मासिकांचा पसाराही वाढवला: मुलांसाठी विज्ञानाचं ब्रेनवेव्ह काढलं, 2012 पासून नॅशनल जिओग्राफिक ट्रॅव्हलरची भारतीय आवृत्ती परवान्यानं छापली. आमच्या जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीत लोखंडी नांगरांच्या कारखान्यातून 1920 मध्ये एक पत्रिका निघाली, तिचं ‘किर्लोस्कर’ मासिक झालं, पाठोपाठ 1930 मध्ये ‘स्त्री’ आणि 1934 मध्ये ‘मनोहर’. एकेक वाचकवर्ग नेमका समोर धरून मासिक काढण्याचं ते काम ज्यांनी बघितलंय त्यांना एसीकेची ही धडपड ओळखीची वाटेल. प्रवासाचं मासिक देखणं होतं, पण आमच्या वाचकाला परवडणारं नव्हतं. मला विचाराल तर या घराची ताकद मुलांतच आहे, आणि जिथं त्यांनी मुलांना धरलं तिथं त्यांना तोड नाही.

आता खरेदीचं. सुट्या अंकाला 32 पानं आणि मध्ये दोन पिना. घरच्या एका-दोघा मुलांसाठी ते उत्तम. पण वाचनालयात अंक हातोहात फिरतो, मधली जोडपानं आधी सुटतात, मग मुखपृष्ठ. म्हणून नवे अंक कपाटात लावण्याआधीच बाइंडरकडे द्या. आमचा बाइंडर एका विषयाचे पाच अंक एकत्र शिवून कापडी पाठ लावतो आणि मूळ मुखपृष्ठं आत तशीच ठेवतो. ती कापू देऊ नका, मुलं अंक मुखपृष्ठावरूनच ओळखतात. तीन किंवा पाच अंक एकत्र असलेले तयार संच घेतले तर हा व्याप वाचतो. दाखल क्रमांकाचा शिक्का नेहमीच्या ठरलेल्या पानावर डोळे झाकून मारू नका. इथे सगळं पानच चित्र असतं, शिक्का समासात नाहीतर मलपृष्ठाच्या आत मारा.

मराठीत मालिकेतले सगळे अंक नाहीत, जे आहेत ते आधी घ्या. तिसरी ते पाचवीच्या मुलांसाठी मराठीच घ्यावेत, शिवाजी महाराज, तानाजी, ज्ञानेश्वर, तुकाराम यांच्यापासून सुरुवात करावी. सहावीपासून पुढे आणि इंग्रजी माध्यमाच्या मुलांसाठी इंग्रजी. शक्य असेल तिथे एकाच कथेचे दोन्ही अंक शेजारी ठेवा. चित्रं तीच असल्यानं मराठी शाळेतली मुलं इंग्रजी अंक न घाबरता उघडतात, आणि त्यासाठी शिकवणी लागत नाही. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा कंपनीनं आपलं ॲप काही काळ फुकट खुलं केलं होतं. वाचनालय बंद होतं त्या दिवसांत मी पालकांच्या ग्रुपवर त्याची माहिती टाकली आणि मुलांनी भरपूर वाचलं. तरी फोनच्या पडद्यावर एकेक चौकट सुटी सुटी दिसते. अख्खं पान एका नजरेत भरणं, पुढच्या चौकटीकडे डोळा आधीच पळणं हे कागदावरच होतं. वाचनालयानं पैसे कागदावर खर्च करावेत.

वार्षिक खरेदीत थोडीच रक्कम असेल तर माझा क्रम असा: आधी मराठी सुटे अंक बांधून, मग टिंकलची वर्गणी, आणि एखादा देणगीदार भेटला की महाभारताचे तीन खंड. देणगीदाराला खंडात चिकटवायची नावपट्टी आधीच छापून दाखवा, लवकर तयार होतात. मागणी दिवाळीच्या सुट्टीच्या महिनाभर आधी नोंदवा म्हणजे बांधणीला वेळ मिळेल आणि सुट्टी लागायच्या दिवशी अंक कपाटात असतील.